कोकण रेल्वे पावसाळ्यात हळू का धावते?

जुलैतली एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. पहाटे ५ वाजून २५ मिनिटांनी मुंबईच्या सीएसएमटीहून सुटणारी वंदे भारत तुम्ही पकडली आहे. मडगावला जायचं आहे. मागच्या डिसेंबरात याच गाडीने तुम्ही दुपारी एकच्या सुमारास उतरला होता आणि थेट मासळीच्या जेवणावर बसला होता. आज मात्र वीर स्टेशन मागे पडलं आणि गाडीचा जोर ओसरला. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, डोंगर हिरवेगार झालेत आणि गाडी आपली रमतगमत चालली आहे. शेजारचे काका घड्याळाकडे बघून म्हणतात, "याला वंदे भारत म्हणायचं?" मुलं तिसऱ्यांदा विचारतात, "अजून किती वेळ?"

गंमत म्हणजे गाडीला उशीर झालेलाच नाही. ती अगदी वेळेवर आहे. पावसाळ्याच्या वेळापत्रकात ही गाडी मडगावला दुपारी साडेतीनच्या सुमारास पोहोचते. एरवीच्या पावणेआठ तासांच्या प्रवासाला तेव्हा दहा तास लागतात. शिवाय आठवड्यातले सहा दिवस धावणारी ही गाडी पावसाळ्यात तीनच दिवस धावते.

तुम्ही इंदूरला राहत असा, बडोद्याला, दिल्लीला किंवा बेंगळुरूला, केरळ-गोव्याच्या सहलीच्या निमित्ताने कधी ना कधी या मार्गावरून गेला असाल. मंगला, नेत्रावती, त्रिवेंद्रम राजधानी या सगळ्या गाड्या कोकणातूनच जातात. आणि गावाकडचे असाल तर सांगायलाच नको. गौरी-गणपतीला याच रुळांवरून घरी जाता. तेव्हा या गाडीवर चिडण्याआधी ती हळू का चालते, हे एकदा समजून घेऊ या. ही गोष्ट मोठी आहे, आणि तिच्यात दोन वाईट जून महिनेही आहेत.

रूळ सरळ ठेवले, म्हणून डोंगर उभे कापले

कोकण रेल्वे रायगड जिल्ह्यातल्या रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जाते. लांबी सुमारे ७४० किलोमीटर. नकाशात एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र असतो. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राकडे धावते आणि रेल्वे मात्र त्या सगळ्यांना आडवी जाते. सावित्री, वाशिष्ठी, मांडवी, झुवारी, काळी, शरावती. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड, सोंडेपलीकडे पुन्हा नदी. म्हणून या मार्गावर ९० हून अधिक बोगदे आहेत आणि लहान-मोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल. बोगद्यांची लांबी एकत्र केली तर ८० किलोमीटरच्या वर जाते.

डोंगराळ भागात रेल्वे नेण्याचा जुना मार्ग म्हणजे डोंगराला वळसे घालत चढायचं. दार्जिलिंग, माथेरान आठवा. कोकण रेल्वेच्या अभियंत्यांनी तसं केलं नाही. हा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगाचा विचार करून आखला गेला. त्यासाठी वळणं फार मोठ्या त्रिज्येची हवीत, सव्वा किलोमीटरहून कमी नाही. चढ फार सौम्य हवा, दीडशे मीटर गेल्यावर जेमतेम एक मीटर. असा सरळ, सपाट रस्ता कोकणात आयता कुठून मिळणार? मग जिथे डोंगर आला तिथे बोगदा, आणि बोगद्याइतका डोंगर उंच नसेल तिथे तो मधोमध चिरून वाट काढायची. या चिरलेल्या वाटेला रेल्वेची माणसं 'कटिंग' म्हणतात. खिडकीतून दोन्ही बाजूंना लाल-काळ्या भिंती लागतात ना, त्याच.

आणि खरी मेख इथेच आहे. ताशी १६० साठी रूळ सरळ केले, म्हणून भिंती उभ्या झाल्या. भिंती उभ्या झाल्या, म्हणून पावसाळ्यात गाडीला ७५ वर यावं लागलं.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, काही ठिकाणी त्याहून बराच जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. वर जांभ्याचा सच्छिद्र थर, त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, चिकण माती, मध्ये कुठे काळे धोंडे अडकलेले. पाणी जांभ्यातून खाली झिरपतं, माती सैल होते, धोंड्याची पकड सुटते. घराच्या मागची दरड कशी कोसळते ते कोकणातल्या कुणालाही विचारा. रेल्वेच्या कटिंगमध्ये तेच होतं. फरक इतकाच की खाली परसू नसतो, रूळ असतात.

मार्ग बांधतानाच या मातीने आपला स्वभाव दाखवला होता. कठीण खडकातले बोगदे स्वीडनहून आणलेल्या यंत्रांनी तुलनेने भराभर खोदले गेले. मऊ मातीतल्या बोगद्यांना मात्र यंत्र चालेना. तिथे हाताने, थोडं थोडं खोदावं लागलं. सगळ्यांत जास्त रडवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने. खोदलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं. बाकी मार्ग तयार होऊनही गाड्या सलग धावेनात त्या याच पट्ट्यामुळे. शेवटी २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला. या कामात जीव गमावलेल्या कामगारांचं स्मारक रत्नागिरीत आहे. तुमच्या गाडीला रत्नागिरीला मोठा थांबा असेल तर वडापाव घेता घेता त्यांचीही आठवण काढा.

पेडण्याचा बोगदा अजूनही शहाणा झालेला नाही. जुलै २०२४ मध्ये त्यात पाणी आणि चिखल शिरला आणि लांबच्या गाड्या पुणे-मिरज-लोंढा मार्गे वळवाव्या लागल्या.

दोन जून महिने

२२ जून २००३ ची रात्र. सुट्टी संपवून परतणाऱ्यांसाठी सोडलेली कारवार-मुंबई विशेष गाडी सिंधुदुर्गातल्या वैभववाडीजवळ होती. बोगद्याच्या तोंडाशी रुळांवर दरड आली होती. इंजिन त्यावर आदळलं, डबे घसरले. ५१ माणसं गेली. शाळा सुरू होणार म्हणून मुलाबाळांसह गावाहून परतणारी कुटुंबं त्या गाडीत होती.

वर्ष उलटतं न उलटतं तोच, १६ जून २००४ ला, मंगळूरहून मुंबईकडे येणारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस महाड तालुक्यात करंजाडीजवळ घसरली. पुन्हा रुळांवर धोंडे, आणि या वेळी पुढे पूल. डबे पुलावरून खाली गेले. पुन्हा माणसं गेली.

कोकणी माणसाने या रेल्वेची किती वाट पाहिली होती! अ. ब. वालावलकरांसारख्या माणसाने या मार्गाच्या ध्यासात आयुष्य घालवलं. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधू दंडवते या राजापूरच्या खासदारांनी लोकसभेत तिचा पाठपुरावा केला. गाडी आली आणि पाच-सहा वर्षांत लागोपाठच्या दोन पावसाळ्यांत हे घडलं. त्या वेळी अनेक घरांत "पावसात रेल्वे नको, एसटीनेच या" असं म्हटलं जायचं. आज तुम्ही खिडकीशी बसून ज्या संथपणाला कंटाळता, त्याला या दोन अपघातांची पार्श्वभूमी आहे.

त्यानंतर डोंगरांच्या दुरुस्तीला जोर आला. उभ्या भिंतींचा उतार सौम्य करणं, सैल धोंडे आधीच पाडून टाकणं, भिंतीवर पोलादी जाळी बसवणं, मातीत लोखंडी सळ्या खोलवर ठोकून ती बांधून ठेवणं, पाणी वरच्या वर वळवणारे चर खणणं. पुढच्या वेळी कटिंगमधून जाताना नीट पाहा, भिंतीवर मासे पकडायच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसेल. सुटलेला धोंडा रुळांपर्यंत घरंगळत येऊ नये म्हणून ते लावलेलं असतं.

पण डोंगर सगळाच्या सगळा जाळीत बांधता येत नाही. म्हणून वेग.

वेगाचं गणित साधं आहे. शेकडो टन वजनाची गाडी ब्रेक लावल्यावर लगेच थांबत नाही. ताशी ११० ने धावणाऱ्या गाडीला थांबायला कित्येक शे मीटर लागतात. धो धो पावसात, वळणावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी लोको पायलटला तेवढं लांबचं दिसतच नाही. वेग कमी केला की थांबायला लागणारं अंतर त्याहून जास्त प्रमाणात कमी होतं. वेग निम्मा, तर अंतर साधारण पाव. म्हणून पावसाळ्यात वीर ते कणकवली या सगळ्यांत अवघड टप्प्यात वेग ताशी ७५ किलोमीटरपर्यंत ठेवला जातो, कणकवली ते उडुपी ९० पर्यंत. पाऊस इतका वाढला की पुढचं नीट दिसेना, तर लोको पायलटने ४० वर यायचं, अशी सूचना असते. तुमची गाडी मध्येच एकदम रांगू लागली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

रात्री रुळांवर कोण चालतं?

तुम्ही वरच्या बर्थवर पांघरूण ओढून झोपलेले असता तेव्हा बाहेर कुणीतरी चालत असतं. पावसाळ्यात कोकण रेल्वे सहाशेहून जास्त माणसं केवळ गस्तीसाठी रुळांवर ठेवते. कुणी ठरलेल्या टप्प्यात चालत जातो, कुणी एखाद्या धोक्याच्या कटिंगपाशी चोवीस तासांच्या पाळीत ठाण मांडून बसतो. डोक्यावर इरलं नव्हे, आता रेनकोट असतो. हातात दिवा, झेंडे आणि फटाके. हे दिवाळीचे फटाके नव्हेत. रुळावर बांधून ठेवायच्या या चपट्या डब्या असतात. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि लोको पायलटला कळतं, पुढे धोका आहे, थांब. पावसात लाल दिवा दिसला नाही तरी हा आवाज ऐकू येतो.

या माणसांना स्टेशनशी बोलता यावं म्हणून मार्गावर सरासरी दर किलोमीटरला फोन जोडायची सोय आहे. काही ठिकाणी मोबाइलची रेंज नसते, बोगद्यात तर नसतेच. तुमचा व्हिडिओ मध्येच अडकतो ना, तिथे हीच तार कामाला येते.

माझ्या मते कोकण रेल्वेच्या सगळ्या यंत्रणेत सर्वांत कमी कौतुक होतं ते या गस्तीवाल्यांचं. अभियंत्यांवर पुस्तकं निघाली, पुलांचे ड्रोन व्हिडिओ लाखोंनी पाहिले जातात. अमावास्येच्या रात्री बोगद्याच्या तोंडाशी, सापकिरडांतून वाट काढत एकटा उभा राहिलेला माणूस कुणाच्याच रीलमध्ये नसतो. कोकण रेल्वेच्या भरतीत, जमिनी ज्यांच्या गेल्या त्या कुटुंबांना प्राधान्य दिलं जातं. त्यामुळे ज्याच्या आजोबांच्या कलमांच्या बागेतून रूळ गेले, त्याचा नातू आज त्याच रुळांवर काम करताना भेटू शकतो.

माणसांच्या जोडीला उपकरणंही आहेत. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ आणि उडुपी या नऊ स्थानकांवर पाऊस आपोआप मोजणारी यंत्रं आहेत. पाऊस ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्या टप्प्यातल्या कर्मचाऱ्यांना सावध केलं जातं. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे. वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं चार ठिकाणी आहेत: पानवलचा पूल, मांडवी, झुवारी आणि शरावती. रत्नागिरी आणि वेर्णा इथे शस्त्रक्रियेच्या सोयीसह अपघात मदत गाड्या तयार असतात.

वाशिष्ठीच्या पुलावरचं ते यंत्र उगाच नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात बुडालं तो दिवस तुम्हाला आठवत असेल. बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यापर्यंत लोक अडकले होते. त्या दिवशी वाशिष्ठी पुलाशी पाणी धोक्याच्या खुणेवर गेल्यामुळे गाड्या जिथल्या तिथे, स्थानकांवर थांबवण्यात आल्या. हजारो प्रवासी तासन्तास अडकले. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांचे हाल झाले. पण गाड्या स्थानकांत उभ्या होत्या, पुलावर नव्हत्या.

असंच १४ जुलै २०२४ ला झालं. रविवारची संध्याकाळ. खेडजवळ दिवाणखवटी भागात बोगद्याच्या तोंडाशी माती खाली आली. मार्ग मोकळा व्हायला चोवीस तासांच्या आसपास लागले. अडकलेल्या प्रवाशांसाठी एसटीच्या गाड्या सोडाव्या लागल्या. लोक चिडले, आणि चिडणं साहजिकच होतं. दरड कोसळायची थांबलेली नाही. दरड कोसळते तेव्हा तिथे गाडी असू नये, एवढंच या सगळ्या खटाटोपातून साधायचं असतं.

एकच रूळ आणि एक छोटी कंपनी

आता तुम्ही म्हणाल, वेग कमी हे समजलं, पण मधल्याच एखाद्या स्टेशनात अर्धा तास उभं का करतात? तिथे कुणी चढत नाही, उतरत नाही.

त्याचं कारण पावसाचं नाही, पैशाचं आहे. कोकण रेल्वे हा बहुतांश एकेरी मार्ग आहे. रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे जवळजवळ सगळीकडे जाणारी आणि येणारी गाडी एकाच रुळावरून. समोरून गाडी येत असेल तर एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबायचं, दुसरीने पुढे निघून जायचं. यालाच आपण क्रॉसिंग म्हणतो. एक गाडी वीस मिनिटं उशिरा आली की तिची वाट पाहणारी उशिरा, मग तिची वाट पाहणारी तिसरी उशिरा. आटपाट नगरातल्या गोष्टीसारखी साखळी लागते. पावसाळ्यात वेग कमी म्हणजे प्रत्येक गाडी दोन स्टेशनांमधला रूळ जास्त वेळ अडवून धरते. म्हणूनच काही गाड्यांचे दिवसही कमी करावे लागतात. वंदे भारत तीन दिवसांवर येते ती त्यामुळेच.

मग दुहेरी मार्ग का केला नाही? इथे या रेल्वेचा जन्म आठवावा लागतो. मध्य रेल्वे किंवा पश्चिम रेल्वे यांसारखा हा भारतीय रेल्वेचा विभाग नाही. ही कंपनी आहे. १९८९ मध्ये व्ही. पी. सिंह यांच्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि मधू दंडवते अर्थमंत्री. फर्नांडिस मूळचे मंगळूरचे, दंडवते राजापूरचे खासदार. म्हणजे मार्गाच्या दोन्ही टोकांची माणसं एकाच वेळी नेमक्या दोन खुर्च्यांवर बसली. असा योग पुन्हा आला नाही. सरकारच्या तिजोरीत एवढ्या मोठ्या कामाला पैसा नव्हता. म्हणून १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन ही स्वतंत्र कंपनी काढली. सुरुवातीला केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोव्याचा ६ आणि केरळचाही ६ टक्के. केरळमधून या रेल्वेचा एक किलोमीटरही जात नाही, तरी त्या राज्याने पैसे घातले, कारण मुंबईला येणाऱ्या मल्याळी माणसाचा प्रवास त्यामुळे शेकडो किलोमीटरने कमी होणार होता. बाकीचा बराच पैसा बाजारात रोखे विकून उभा केला. ई. श्रीधरन यांनी या कंपनीची धुरा घेतली आणि आठ वर्षांच्या आत मार्ग पुरा केला.

कंपनी असल्यामुळे काम झपाट्याने झालं, यात शंका नाही. पण कर्ज कंपनीच्याच डोक्यावर राहिलं, आणि ते फेडायचं तर उत्पन्न कमवायला हवं. प्रवासी भाड्यावर कुठलीच रेल्वे श्रीमंत होत नाही, कमाई मालगाड्यांवर असते. कोकणात कोळशाच्या खाणी नाहीत, पोलादाचे मोठे कारखाने नाहीत. आंबा आणि काजू किती वाघिणी भरणार? म्हणून कंपनीने नाना उद्योग केले. मालट्रक थेट रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेण्याची रो-रो सेवा १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी सुरू केली. ड्रायव्हर ट्रकमध्येच बसून राहतो आणि घाट चुकतो. २०२५ च्या गणपतीत तीच सोय खासगी मोटारींसाठीही काढली. दुसऱ्यांची बांधकामं घेतली. काश्मीरमधला चिनाब नदीवरचा, ३५९ मीटर उंचीचा पूल बांधण्याची जबाबदारी याच कोकणच्या कंपनीकडे होती, हे पुष्कळांना माहीत नसतं. आणि तुमच्या तिकिटातूनही थोडं जास्त घेतलं. या मार्गावरचं अंतर भाड्यासाठी प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के वाढवून धरलं जातं.

एवढं करूनही सगळा मार्ग दुहेरी करण्याइतका पैसा कंपनीकडे जमला नाही. विजेच्या तारा मात्र २०२२ पर्यंत संपूर्ण मार्गावर आल्या. दुहेरीकरणाऐवजी क्रॉसिंगसाठी कडवई, वेरवली, खारेपाटण, अचिर्णे अशी काही नवी स्थानकं मध्ये घातली गेली. त्यामुळे दोन गाड्यांना एकमेकींसाठी थांबायची जागा जवळ मिळते. हा उपाय तसा मलमपट्टीचाच आहे.

म्हणूनच ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करावी, अशी मागणी वाढत गेली. २०२५ मध्ये महाराष्ट्राने त्याला संमती दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम ठेवायचं, ही त्यातली एक अट. विलीन झाल्यावर अर्थसंकल्पातून पैसा मिळेल, दुहेरीकरण होईल, भाडं कमी होईल, असं मागणी करणारे म्हणतात. मला यात एक धास्ती वाटते. या कंपनीला एकच मार्ग सांभाळायचा होता, एकच डोंगर आणि एकच पावसाळा. गस्तीची, दरडींची, पर्जन्यमापकांची ही सगळी घडी त्यातून बसली. मोठ्या घरात गेलेल्या लेकीची आबाळ होऊ नये, एवढंच वाटतं. कोकणी माणसाची तक्रार तर आजही अशी आहे की लांबच्या गाड्या दारावरून धडधडत जातात आणि आमच्या स्टेशनात थांबत नाहीत. जमीन आमची गेली, गाडी मात्र केरळची. विलीनीकरणानंतर ही तक्रार मिटते की वाढते, त्याकडे लक्ष ठेवायला हवं.

निघण्यापूर्वी

पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं कमी केलं गेलं. म्हणजे गणपती नेहमी त्यात येतात, बहुतेक वेळा दसराही. या काळात प्रवास असेल तर तिकिटाची जुनी वेळ लक्षात ठेवून स्टेशनवर जाऊ नका. फसगत उलटीही होऊ शकते, कारण पावसाळ्यात सगळ्याच गाड्या उशिरा सुटत नाहीत. दक्षिणेकडून मुंबई-दिल्लीकडे निघणाऱ्या काही गाड्या तर दोन-तीन तास आधी सुटतात, म्हणजे कोकणात जाणारा जादा वेळ भरून निघतो. दर वर्षी कुणी ना कुणी रिकाम्या फलाटावर पेट्या घेऊन उभं राहतं. निघण्याच्या आदल्या रात्री १३९ वर किंवा रेल्वेच्या ॲपवर वेळ पुन्हा पाहून घ्या.

मडगावहून पुढे विमान किंवा दुसरी गाडी पकडायची असेल तर त्याच दिवशीची घेऊ नका. सोबत लहान मूल किंवा मधुमेहाचं माणूस असेल तर एक वेळचं जेवण, पाणी आणि औषधं जवळच्या पिशवीत ठेवा, सामानाच्या पेटीत नको. भाकरी-चटणी, दशम्या, थेपले, काहीही. गाडी स्टेशनाऐवजी मध्येच थांबली तर पाय मोकळे करायला खाली उतरू नका. एकेरी मार्ग असला तरी कटिंगच्या भिंतीखाली उभं राहण्यासारखी वाईट जागा पावसात दुसरी नाही.

तिकिटावर गाडीचा नंबरही बघा. नंबर १० ने सुरू होत असेल तर ती बहुधा कोकण रेल्वेची स्वतःची गाडी. मांडवीचा नंबर १०१०३. बाकीच्या बहुतेक गाड्या दुसऱ्या विभागांच्या, इथे पाहुण्या. मुलांना हा खेळ आवडतो.

आणि रत्नागिरीच्या आसपास मुलांच्या हातातला मोबाइल थोडा वेळ काढून घ्या. उक्षी आणि भोके यांच्या मध्ये करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. पावसाळ्यातल्या वेगाने तो पार करायला पाचेक मिनिटं लागतात. सेकंद मोजायला सांगा. रत्नागिरी सोडून निवसरकडे निघालात की पानवलचा पूल येतो, ६४ मीटर उंच, खाली दरी आणि ढग. सव्वाचारशे मीटर लांबीचा हा पूल हिवाळ्यात ११० च्या वेगाने चौदा सेकंदांत संपतो. पावसात ७५ ने गेलात तर वीस सेकंद मिळतात.